धोंडीचा बेडूक

९ मार्च १९८६, रविवार

सकाळच्या मोटारीनं कस्तुरा लातूरहून आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, "आज्जा, शाळेच्या बारवेत अजून बेडूक हायत का?"

नातीनं आजोबाला विचारावा असा प्रश्न नव्हे, पण मला आनंद झाला. या गावच्या शाळेत मी उभा जन्म मराठी शिकवलं. पावसाळ्यात बारवेतून आवाज चढला की खडू ठेवून म्हणायचो, ऐका रे, बेडूक भुजंगप्रयातात ओरडून राहिलेत. एक लघु, दोन गुरू. पोरं बाकावर हात आपटून मोजायची. ती पोरं आता म्हातारी व्हायला आली, तरी वाटेत भेटली की विचारतात, "गुरुजी, बेडूक काय म्हणतात?"

"हायत," मी म्हणालो. "तळाला थोडं पाणी हाय, त्यात दडून बसलेत. का गं?"

तिची बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा आहे, प्राणिशास्त्राची. विद्यापीठाकडून बाहेरचे परीक्षक येणार आणि त्यांच्या पुढ्यात बेडकाच्या डोक्यातल्या नसा सोडवून दाखवायच्या. दरसाल एक माणूस कॉलेजला पोतंभर बेडूक आणून द्यायचा. यंदा तो फिरकलाच नाही. तळी आटली, ओढे आटले, आणणार कुठून? सरांनी सांगितलंय, ज्याला जमेल त्यानं आपला बेडूक आणावा.

"किती पाहिजेत?"

"दोन. एक हात बसवायला, एक परीक्षेला. दोन पुरेत, आज्जा."

तिचा बाप, म्हणजे माझा बसवंत, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून आहे. त्यानं अट घातली आहे. पहिला वर्ग आला तर एम.एस्सी.ला औरंगाबादेला विद्यापीठात पाठवीन, नाही आला तर भोकरचं स्थळ. मुलगा जिनिंगमध्ये आहे, माणसं बरी आहेत. पण कस्तुराला पेशीचं वेड आहे. दुपारी तिनं वाटीभर पाण्यावर कांदा ठेवला. म्हणाली, मुळ्या फुटल्या की टोक कापून काचेवर दाबायचं. एका पेशीच्या दोन होताना दिसतात. टँकरचं पाणी कांद्याला दिलं म्हणून एरवी मी बोललो असतो. आज बोललो नाही.

१६ मार्च, रविवार

तय्यबला घेऊन बारवेवर गेलो. विहिरीतला गाळ काढण्यात त्याचा हात धरणारा या पंचक्रोशीत नाही. माझाच विद्यार्थी, वृत्तं मोजण्यात कच्चा.

बारवेचं पाणी कोणी पीत नाही. हिरवं झालंय, आणि आता तर परातीएवढंच उरलंय. तय्यब पायऱ्या उतरून गेला, गोणपाट ओलं करून बसला आणि एकेक बेडूक हातानं उचलत राहिला. सुस्त झाले होते बिचारे. दोन झाले तेव्हा मी थांब म्हणायला हवं होतं. पण दुधाचा कॅन मोठा होता, आणि माझ्या डोळ्यांपुढं सगळा वर्ग आला. पोरंपोरी चिरफाडीची ताटं घेऊन बसलीत, कुणाकडंच बेडूक नाही, आणि दारातून मी येतोय.

"अजून काढ," मी म्हणालो.

"किती गुरुजी?"

"वर्गाला पुरतील एवढे."

तय्यब वर बघत राहिला. म्हणाला, "सगळेच न्यायला निघाले व्हय? एक-दोन राहू द्या की. मिरगानं दगा दिला तर धोंडीला लागतील."

पाऊस ओढ धरतो तेव्हा आमच्याकडं धोंडी काढतात. लिंबाचा पाला नेसलेला माणूस, त्याच्या खांद्यावर मुसळ, मुसळाला फडक्यात बांधलेला जिवंत बेडूक. घरोघर बाया त्याच्यावर तांब्याभर पाणी ओततात. माझ्या लहानपणापासून बेडूक याच बारवेतला. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी हसलो. म्हणालो, "पाऊस काय बेडकाच्या पाठीवर बसून येतो व्हय रे?"

"मला काय ठावं," तय्यब म्हणाला. "तुम्ही शिकवलं ते एवढंच की ते ओरडतात."

त्यानं सगळे काढले. वर आल्यावर नेहमीसारखा चहाला थांबला नाही.

१७ मार्च, सोमवार

मोटारीत कॅन मांडीवर. औशापर्यंत बेडूक गप्प होते, मग एकानं सुरुवात केली. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, कॅनमधून तिकीट कोण मागून राहिलंय?" सगळी मोटार हसली. मीही.

लातूरला प्राध्यापक मकसूद सरांनी झाकण उघडून पाहिलं आणि माझे दोन्ही हात धरले. "गुरुजी, आमची परीक्षा तुम्ही वाचवली." पोरं उठून उभी राहिली. निवृत्त झाल्यापासून माझ्यासाठी वर्ग उभा राहिला नव्हता. खोटं कशाला लिहू, डोळे भरून आले.

कस्तुरा मात्र कॅनमध्ये बघत होती. "आज्जा, मी दोन म्हणले व्हते," एवढंच बोलली.

मग सरांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एक बेडूक ओल्या कापसात गुंडाळून फळीवर ठेवला होता, जिवंत, आणि त्याच्या मागच्या पायाचा पडदा काचेखाली ताणून धरला होता. मी डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग दिसलं. बारीक बारीक वाटा, आणि त्यांतून लंबगोल दाणे धावताहेत, वळणावर थबकतात, पुन्हा सुटतात. सर म्हणाले, त्या रक्तपेशी. माझ्या तोंडून ओळ निघाली.

पहा वाहते रक्त माझ्या समोरी

बारा अक्षरं, भुजंगप्रयात, चुकलेला एकही लघु नाही. दुसरी ओळ येईना. मी डोळा लावून बसलोच. तेवढ्यात बेडकानं बोटं आवळली आणि सगळा देखावा एका बाजूला सरकला. तोवर तो माझ्यासाठी केवळ देखावाच होता.

परतताना रिकामा कॅन लई हलका लागला. गावच्या फाट्यावर सरजाबाई भेटली. तिच्या पुढाकाराशिवाय गावात काही होत नाही, धोंडी तर नाहीच. "गुरुजी, दूध घालाया लातूरला गेलते व्हय? तुमच्याकडं तर म्हसच न्हाई."

"सहज," मी म्हणालो. सहज कोण कॅन नेतं?

२९ मार्च, शनिवार

बसवंताचा निरोप आला. परीक्षा झाली. परीक्षक चांगला अर्धा तास तिच्यापाशी उभे होते म्हणे. नसा दोऱ्यासारख्या सोडवल्या तिनं.

बारवेकडं फिरायला गेलो होतो. परातीएवढं पाणी तसंच आहे. इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. हलवायला कोणी नाही त्याला.

१३ एप्रिल, रविवार

पाडव्याला कस्तुरा आली नाही, आज आली. मला वाटलं होतं परीक्षेचं सगळं सांगेल. सांगितलं ते एवढंच: "आज्जा, सगळं उघडून झालं तरी काळीज चालू असतं त्याचं. टाचण्या लावलेल्या, आणि ते चालूच. लई वेळ. मी नस सोडवत व्हते आणि मला सारखं तिकडंच दिसत व्हतं."

"मग?"

"मग काय. नस सोडवली."

मी तिला ओळ म्हणून दाखवली. म्हणाली, छान हाय. पूर्वी म्हणायची, अजून एकदा म्हणा.

दुपारी सरजाबाईकडं गेली ती पार ऊन कलल्यावर आली. डोळे लाल होते. तिथली चूल लई धुरकट आहे, मागेही मी सरजाबाईला बोललो होतो. संध्याकाळी सरजाबाईनं माझ्यासाठी ताक धाडलं. एवढ्या टंचाईत ताक. भांडं आणणारी सून म्हणाली, "सासूबाई म्हणल्या, गुरुजींना म्हणावं उन्हात बारवंकडं हिंडू नका."

मी तिकडं हिंडतो हे तिला कसं दिसलं, कुणास ठाऊक. तिचं घर तर दुसऱ्या टोकाला.

१८ मे, रविवार

टँकर दोन दिवस आला नाही. जिल्हा झाला तेव्हा भाषणात ऐकलं होतं, आता कचेरी दाराशी आली. कचेरी आली खरी. बसवंत तिच्यात टँकरच्या फेऱ्याच लिहून राहिलाय.

भोकरकडची माणसं लातूरला येऊन पोरगी बघून गेली. बसवंतानं त्यांना निकालापर्यंत थांबायला सांगितलंय. सूनबाई म्हणाली, कस्तुरा त्यांच्यासमोर नीट बसली, चहा नीट दिला, आणि ते गेल्यावर कांद्याच्या मुळ्या कापत बसली.

१९ जून, गुरुवार

मृग कोरडा गेला. ढग येतात, गावावरून जातात. निकालाचाही पत्ता नाही.

मला ठाऊक आहे की बेडकाचा आणि पावसाचा तसा संबंध नाही. मी शिक्षक आहे. पण सकाळी आभाळाकडं बघायला मला लाज वाटते, हे कुणाला सांगू? तय्यब वाटेत भेटतो, सलाम करतो, जातो. तो कुणाजवळ बोलला असेल का? नसावा. बोलला असता तर गाव माझ्याशी असं नीट वागलं नसतं.

२९ जून, रविवार

धोंडी काढायचं ठरलं. पाला नेसायचा मान व्यंकटीचा. चाळिशीचा धट्टाकट्टा माणूस, शाळेत माझ्या हातचा मार खाल्लेला. दुपारी बाया बेडूक आणायला बारवेवर गेल्या, बरोबर व्यंकटी. मी माझ्या ओट्यावरून बघत होतो, म्हणजे लपून नव्हे, पण खांबाच्या आडून.

उतरल्या. शोधलं. काठीनं गाळ हलवला. वर आल्या त्या रिकाम्या हातांनी. मग व्यंकटीच मोठ्यानं म्हणाला, पार माझ्या ओट्यापर्यंत ऐकू येईल असं, "सापानं खाल्ले असतील."

"हाव, सापच," सरजाबाई म्हणाली.

"धामण हाय तिथं. म्या बघितलीय," आणखी एकजण.

एवढ्यात तय्यब तिथून चालला होता. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "लई मोठी धामण."

मला सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं याचीच आता लाज वाटून राहिली. एका मुक्या धामणीवर आळ आला आणि मी खांबाच्या आड गप्प बसलो. या शाळेत मी खोटं बोलणाऱ्या पोरांना उन्हात उभं करत होतो.

२ जुलै, बुधवार

औशाला उतरलो. किल्ल्याच्या खंदकात पावसाळ्यात बेडकांची जत्रा असते. खंदकात शेळ्या चरत होत्या. काठावरून वाकून वाकून बघत होतो तर हुसेनबी नावाची शेळीवाली म्हणाली, "बाबा, काय पडलं?"

"बेडूक बघतोय."

तिनं मला सावलीत बसवलं आणि पाणी पाजलं. डोक्यात ऊन चढलंय असं वाटलं असणार तिला.

तिथून लातूर. कस्तुराला घेऊन कॉलेजात मकसूद सरांना भेटलो. म्हटलं, एखादा जिवंत राहिलाय का? सर ओशाळले. "जिवंत नाही गुरुजी. बरणीत एक आहे." कपाट उघडून दाखवला. पांढरा पडलेला, पाय लांब करून औषधात उभा. आमचाच होता. मी खरंच विचार केला, हे इथं लिहून ठेवतो. फडक्यात बांधला तर लांबून कुणाला कळणार होतं?

कस्तुरा हळूच म्हणाली, "आज्जा, ह्याच्यावर पाणी ओतायला लावणार व्हय सरजा आजीला?"

मी बरणी परत दिली.

फाटकापाशी तिनं विचारलं, "तुम्ही गावात कुणाला सांगितलंत?"

"न्हाई."

ती माझ्याकडं बघत राहिली. "बरं," म्हणाली. मग, "बारवेत गाळ अजून ओला हाय का?"

"तळाला असंल. पण त्यात बेडूक न्हाई बाळा, बायांनी हलवून बघितलाय."

मोटार आली.

५ जुलै, शनिवार

आज सांगायचंच ठरवून सरजाबाईच्या दारात गेलो. ती शेण गोळा करत होती.

"सरजाबाई, एक बोलायचं व्हतं. बारवेचं."

"बसा की गुरुजी. गुडघा कसा हाय?"

"गुडघा बरा हाय. ते बेडूक जे व्हते..."

"ती धामण? जाऊ द्या. तिलाबी पोट हाय."

"धामण नव्हं. मी..."

"गुरुजी," ती हात पदराला पुसत म्हणाली, "माझ्या नातवाला तुम्ही शिकवत व्हता ती कविता म्हणून दावा बरं. शाळेत आता कुणी म्हणतच न्हाई."

नातू आला. मी कविता म्हटली. मधेच आवाज फुटला तर तिला वाटलं, म्हातारपण. सांगायचं राहूनच गेलं. ही बाई बोलायला लागली की दुसऱ्याला जागा देत नाही, हा तिचा जुनाच दोष आहे.

८ जुलै, मंगळवार

कस्तुरा आली. पहिला वर्ग. बसवंतानं भोकरला नकार कळवला. चार दिवस कुणाशी बोलला नाही म्हणे, पण कळवला. नव्या वर्षी पोरगी विद्यापीठात जाणार.

मी साखर आणायला उठलो तर ती घरात थांबलीच नाही. सरजाबाई आणि चार बाया बाहेर उभ्याच होत्या, हातात पाट्या-टोपल्या. सगळ्या मिळून बारवेवर. तिला बोलावणं कुणी धाडलं कोण जाणे. मी काठी घेऊन मागं गेलो आणि शाळेच्या पायरीवर बसलो.

कस्तुरानं ओचा खोवला, तळाशी उतरली आणि गाळ भरून आणला. काळाभोर, लोण्यासारखा. पितळेच्या ताटात ओतून मळायला बसली. आधी पाठ, मग डोकं.

"पुढच्या पायाला चार बोटं, सरजा आजी. मागच्याला पाच."

"आम्ही काय मोजून ठिवली व्हती व्हय."

"आणि मधी हा पडदा."

"कान कुठाय मेल्याला?"

"हे काय, डोळ्याच्या मागं. गोल."

बाया वाकून बघत होत्या. खरं सांगतो, मी बघितलेल्या बेडकांपैकी हाच सगळ्यांत खरा. उडी मारायच्या आधी बसतो तसा बसलेला. व्यंकटी पाला गोळा करून आला, म्हणाला, "कस्तुरे, आत आतडीबी घालती का?"

सगळ्या हसल्या. कस्तुराही हसली. म्हणाली, "ती मला लई ठावं हायत, काका."

आणि एकदम सगळे गप्प झाले. का ते मला समजलं नाही. ऊनही फार होतं. सरजाबाईनं गाळाच्या हातानंच तिच्या गालावरून हात फिरवला. गाल काळा झाला.

९ जुलै, बुधवार

धोंडी निघाली. व्यंकटी पाल्यानं झाकलेला, खांद्यावर मुसळ, आणि मुसळाला फडक्याची झोळी करून तिच्यात गाळाचा बेडूक. मागं बाया गाणं म्हणत, त्यांच्यात माझी नात. तय्यब सायकल धरून कडेनं चालत होता.

माझ्या घरी पाणी ओतायला बाई नाही. दरवेळी शेजारची येते. आज म्हटलं, मीच ओतणार. टँकरच्या पाण्यातला एक तांब्या परवापासून झाकून ठेवला होता.

ते दारात थांबले. गाणंही थांबलं. बाकीच्या दारांत थांबलं नव्हतं. मी तांब्या उचलला. झोळीतून त्याचे डोळे दिसत होते, वर आलेले, आभाळाकडं लागलेले. आधीच्या घरांचं पाणी पडून नाक थोडं बसलं होतं.

मी म्हणालो, "सरजाबाई, ते बेडूक मी..."

"वता गुरुजी."

"विरघळंल तो."

"विरघळू द्या की," ती म्हणाली. "पोरगी करंल दुसरा. शिकलीय न ती आता."

मी ओतलं. सगळा तांब्या. पाठ सुटली, डोकं खाली आलं, काळं पाणी व्यंकटीच्या पाल्यावरून माझ्या उंबऱ्यावर उतरलं. कस्तुरा पुढं आली आणि माझ्या हातातला तांब्या घेतला, कारण तो रिकामा झाला तरी मी धरूनच होतो. मग गाणं पुन्हा सुरू झालं आणि ते पुढच्या दाराला गेले.

आता ऊन उतरलंय. आभाळ कोरडंच आहे. उंबऱ्याशी गाळाचा ओघळ आहे, तो मी झाडला नाही. त्यात एक मागचा पाय शाबूत राहिलाय. वाकून बोटं मोजली. बरोबर पाच, आणि मधे पडदा.

सरजाबाई म्हणाली, शिकलीय न ती आता. कशावर शिकली ते तिला बिचारीला कुठून ठाऊक असणार. उद्या जाऊन सांगतो. उद्या तिनं कविता म्हणायला सांगितली तरी आधी सांगतो.